पोल्तावाला गेलेली बाई

जळणाची गाडी यायची ती धूर बघत. ज्या घरावर धूर, त्या घरात माणूस, आणि माणूस असेल तिथे चुलीत जाळायच्या भुशाच्या विटांची पोती. ओस्किल नदीकाठच्या, लढाईच्या आघाडीजवळच्या त्या गावात एवढी सरळ गोष्ट दुसरी उरली नव्हती.

मेलान्याच्या दारात पोती उतरवून झाल्यावर गाडीवाल्या ओस्तापने शेजारच्या घराकडे हनुवटी उडवली. "मावशी, तिथे कोणी आहे का? धूर दिसत नाही."

आहे, हे मेलान्याला ठाऊक होतं. त्या अंगणातून विहिरीपर्यंत गेलेली बर्फातली पावलं तिने सकाळीच पाहिली होती. एक पाय जरासा फरफटलेला. गाडीचा आवाज आला की, मग ती कोणाची का असेना, ती बाई भीतीने तळघरात उतरते हेही तिला ठाऊक होतं.

"गेली ती," मेलान्या म्हणाली. "लेकीकडे. पोल्तावाला."

पोल्तावा इतकं चटकन सुचलं की तिचं तिलाच नवल वाटलं.

"सुटली म्हणायची," ओस्ताप म्हणाला. "मग त्या घराचा वाटा तुमच्याकडेच टाकतो. वर ड्रोन घिरट्या घालतायत, गाडी हलकी असलेली बरी."

नको म्हणायला तोंड उघडेपर्यंत पोती आत गेलीसुद्धा.

ती बाई म्हणजे यूस्तिना, मेलान्याची कूमा. मेलान्याच्या मुलाला चर्चमध्ये नाव ठेवलं तेव्हा त्याला हातात धरलं होतं ते यूस्तिनाने. तेव्हापासून दोघी एकमेकींना कूमाच म्हणायच्या, अगदी भांडतानासुद्धा. पुढे यूस्तिनाचा मुलगा आघाडीवर गेला आणि परत आला तो झेंड्यात गुंडाळून. मेलान्याचा मुलगा लष्करभरती चुकवायला तिसा नदी पोहून रोमानियात पळाला. त्यावर यूस्तिना पावाच्या रांगेत, सगळ्यांच्या देखत, एवढंच म्हणाली होती, "लेकाला पोहायला शिकवलंस ते बरं केलंस हो."

रांगेत कोणी हसलं नाही. हसले असते तर परवडलं असतं. त्या दिवसापासून मेलान्याने बोलणं टाकलं.

आता तिच्या चुलीत ऊब मावत नव्हती. खोली इतकी तापली की तिने अंगावरची शाल काढली, आणि मग कोणी बघतंय असं वाटून परत गुंडाळली. यूस्तिनाला लेक आहे, लेकीने न्यावं की, असं ती भिंतीला समजावत होती. विटा अर्ध्या करून जाळून पाहिल्या. जणू आपण थंडीत कुडकुडलो की शेजारी आपोआप ऊब पोचणार होती! मांजर मात्र चुलीशेजारी चारी पाय वर करून पसरलं होतं. त्याला कसलीच लाज नव्हती.

मग दाट धुकं उतरलं. धुक्यात ड्रोन आंधळे होतात, म्हणून गाव त्याची वाट बघायचं. कोणी सरपण फोडायला निघालं, कोणी कपडे वाळत घातले. मेलान्याने घसरगाडीवर पोती चढवली आणि ती शेजारच्या दाराशी जाऊन उभी राहिली.

"कोण मेलं आता?" आतून आवाज आला.

यूस्तिनाने दार उघडलं. अंगात मुलाचं लष्करी जाकीट होतं आणि ओठ निळे पडले होते. पोती पाहिली आणि ती उंबऱ्यावरच मटकन बसली.

"गाडी ऐकली मी परवा," ती म्हणाली. "माझ्या दारी थांबली नाही. म्हटलं, बरोबरच आहे. पोराबद्दल तसं बोलले तुझ्या, देव काय बहिरा आहे?"

"कूमे, अगं ते..."

"गप. स्वतःच्या तोंडचं काढून आणलंस. मला बोलू दे." आणि ती खारवलेल्या टोमॅटोंची बरणी घेऊन आली, शेवटची.

नको म्हणावं तर का नको ते सांगावं लागलं असतं. मेलान्याने बरणी घेतली. घरी नेऊन ती फडताळात नजरेला पडणार नाही अशी मागे सरकवली.

पुढे तर कहरच झाला. यूस्तिना पावाच्या रांगेत ज्याला त्याला सांगू लागली, "स्वतः गारठून मला जगवलं हिने." लोक मेलान्याकडे मायेने बघायचे, आणि तिला वाटायचं, अंगावर कोणी गरम राख ओततंय.

गाडी पुन्हा आली तेव्हा दोन्ही घरांवर धूर होता. या खेपेला यूस्तिना तळघरात गेली नाही, शाल घट्ट करत बाहेर आली. ओस्ताप तिला पाहून खूश झाला.

"अरे! आजी, पोल्तावाहून कधी आलात?"

"पोल्तावाहून?"

"ही मावशी म्हणाली ना, लेकीकडे गेलात म्हणून. तुमचा वाटा हिच्याकडेच उतरवला होता मी."

यूस्तिनाने मेलान्याकडे पाहिलं. मेलान्याने बुटांकडे.

"कालच आले," यूस्तिना म्हणाली. "लेकीचं घर उबदार आहे रे, पण जावई फार खोकतो."

ओस्ताप हसला, तिची पोती फाटकाशी टाकून निघून गेला. गाडीचा आवाज विरेपर्यंत दोघी तशाच उभ्या होत्या.

"म्हणजे माझ्याच विटा होत्या त्या," यूस्तिना म्हणाली.

"हो."

"आणि मी तुला टोमॅटो दिले."

"परत आणते मी. उघडली नाहीये बरणी. कूमे, मी..."

"टोमॅटो राहू दे." यूस्तिनाचा आवाज चढला नाही; चढला असता तर बरं वाटलं असतं. "त्या पोराला खोटं सांगितलं ते तुझ्यासाठी नव्हे. तू खोटारडी ठरलीस तर उद्या तुझं ऐकेल कोण? एखाद्या सकाळी मला उठता आलं नाही, पाय चालला नाही, तर आत बाई आहे म्हणून सांगायला या गल्लीत आहे कोण दुसरं? तूच उरलीयेस. काय करू?"

यूस्तिना वाकली, पोतं हलेना. मेलान्याचे हात पुढे आले आणि अर्ध्यावरच थांबले.

"बघतेस काय? धर तिकडून."

दोघींनी पोतं दारापर्यंत नेलं. उंबऱ्याशी यूस्तिनाने ते आत ओढून घेतलं आणि दार लावलं. कडी घातली की नाही, ते मेलान्याला ऐकू आलं नाही. ती तिथेच, कान देऊन उभी राहिली.