थोरलीची रेघ

रविवारी सकाळी थोरली कोंबड्यांना दाणे टाकत होती, तेवढ्यात तिच्या अंगणात सात सायकली शिरल्या. जाड टायरांच्या, मेंढ्याच्या शिंगांसारखी हँडलं असलेल्या. वर बसलेली माणसं अंगाला चिकटलेल्या रंगीबेरंगी कपड्यांत. त्यांनी ना हाक मारली, ना कुणाचं घर म्हणून विचारलं. एकामागून एक खुराड्याला तीन फेऱ्या घातल्या आणि आली तशी फाटकातून निघून गेली. थोरलीला आधी वाटलं चोर असतील. पण कोंबडी चोरायला आलेला माणूस इतका गंभीर चेहरा करून फिरत नाही, आणि कोंबड्या तर सगळ्या जागच्या जागी होत्या. फक्त मान वाकडी करून फाटकाकडे बघत होत्या.

पुढच्या रविवारी डझनभर आले. या खेपेला थोरली झाडू घेऊन वाटेत उभी राहिली. जथ्याचा म्होरक्या दातांचा डॉक्टर होता. त्यानं ब्रेक दाबला, गॉगल कपाळावर चढवला आणि अगदी अदबीनं म्हणाला, "आजी, जरा बाजूला होता का? रेघ तुमच्या पायाखालून जाते."

"कसली रेघ?"

त्यानं हँडलवर अडकवलेला मोबाइल दाखवला. त्यात डोंगर होते, खडीचा रस्ता होता आणि त्यांच्यावरून एक लाल रेघ गेली होती, पोरानं पाटीवर गिरगटावं तशी. थोरली बाजूला झाली. काय करणार, डझनभर माणसं आणि झाडू एकच.

उलगडा संध्याकाळी झाला, सून दवाखान्यातून ड्यूटी करून आल्यावर. सून नर्स, त्यामुळे माणूस कुठे कसा मोडतो याची तिला खडान्खडा माहिती. सासूबाई या वयात अंड्यांची टोपली लावून खडीच्या रस्त्यानं सायकल हाणतात, एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला दरी, कुठे घसरल्या तर कळणार कसं, म्हणून तिनं गुपचूप जुना मोबाइल अंड्यांच्या टोपलीत तळाशी ठेवला होता. मोबाइल जिथून जाईल तिथून त्यात रेघ उमटायची. सून दवाखान्यात बसून बघायची, की सासू हलतेय ना. एवढंच. पण ती रेघ जगापासून झाकून ठेवायचं एक बटण असतं, ते दाबायचं राहून गेलं. शहरातल्या कुणाला तरी ती सापडली. गाड्या नाहीत, गोंगाट नाही, नुसती खडी, चढउतार आणि पाखरं. असला मार्ग शोधून सापडायचा नाही, असं त्यानं लिहून टाकलं. आता लोक रेघ गिरवायला येत होते. पूर्ण गिरवली तर मोबाइलमध्ये एक गोल बिल्ला मिळायचा. रेघेपासून हातभर जरी ढळलं तरी बिल्ला गेला.

"मग ते खुराड्याभोवती का फिरतात?" थोरलीनं विचारलं.

"तुम्ही फिरता म्हणून, आई."

थोरली फिरायची, कारण कोंबड्या तीन कोपऱ्यांत अंडी लपवायच्या. पुढे ती गिरणीच्या एका दारानं आत शिरून दुसऱ्या दारानं बाहेर पडायची, कारण तेवढीच सावली. आता रविवारी गिरणीतून रंगीत माणसं आत जात आणि पांढरी होऊन बाहेर येत. गिरणीवाला आधी चिडला, मग त्यानं दाराशी एक फडकं टांगून ठेवलं. मास्तरांच्या घरापुढच्या वळणावर थोरली सायकल नागमोडी काढायची, कारण मास्तरांचं बदक भारी खवट. ते नेमकं डाव्या पोटरीला चावायचं. सायकलवालेही तिथे नागमोडी जायचे, बदक झोपलेलं असलं तरी. इतकी माणसं आपण काही न करता आपल्याला भिताहेत हे पाहून बदकाचं मन उडालं. त्यानं चावणंच सोडलं.

खरं सांगायचं तर थोरलीला हे सगळं मनातून आवडलं होतं. जन्मात कुणी तिच्या मागून चाललं नव्हतं. नवरा होता तोवर तोही दोन पावलं पुढेच चालायचा. तिनं अंगणात पाण्याची घागर भरून ठेवली आणि डॉक्टरला, मुलगा असल्यासारखं, टायरमधली हवा जरा कमी कर म्हणून सांगू लागली. खडीवर टणक टायर म्हणजे कंबरेचं मरण.

असंच एका रविवारी पाणी पिता पिता डॉक्टर म्हणाला, "बाकी काही म्हणा आजी, सगळ्यात सुंदर जागा म्हणजे ती भिंत."

थोरलीच्या हातातला पेला तसाच राहिला.

"आम्ही सगळे थांबतो तिथे. भिंतीकडे तोंड करून, डोळे मिटून. एक शब्द बोलत नाही. रेघेतही तिथे लांब थांबा दिसतो. काय शांतता आहे हो. आमच्यातल्या एकाचं ब्लडप्रेशर उतरलं."

थोरलीचं तेवढ्यात चढलं.

ती भिंत धाकटीच्या घराची होती. मागची.

थोरली आणि धाकटी सख्ख्या बहिणी. त्यांचा बाप रस्त्यावरचा मुकादम. हाच खडीचा रस्ता त्यानं माणसं लावून डोंगराच्या कडेनं नेला होता, आणि त्यावरून दोन्ही मुलींना घेऊन सायकलनं जायचा. एक पुढे दांडीवर, एक मागे कॅरियरवर. जी दांडीवर बसेल तिनं घंटी वाजवायची, असा नेम. थोरली लवकर उंच झाली. बापाला तिच्या डोक्यापुढचं दिसेना, म्हणून तिची रवानगी मागे झाली. तेव्हापासून घंटी धाकटीची. वळणावळणावर ती वाजवायची आणि मागे थोरली बापाच्या शर्टाला धरून, घामाचा आणि डांबरी साबणाचा वास घेत, मनातल्या मनात वाजवायची. बाप गेला तेव्हा सायकल थोरलीला मिळाली. त्याच संध्याकाळी धाकटी पाना घेऊन आली, घंटी खोलली आणि ओच्यात घालून घेऊन गेली. म्हणाली, घंटी माझीच होती, विचार कुणालाही. घंटीशिवाय सायकल म्हणजे जिभेशिवाय माणूस. थोरलीनं चार माणसांदेखत सांगून टाकलं, की तुझ्या घराची पायरी तर लांबच, तुझ्या भिंतीची सावलीसुद्धा मी अंगावर पडू देणार नाही. धाकटीनं ती घंटी आपल्या दाराला बसवली. तेव्हापासून दोघींत बोलणं नाही. मधे दोघींचे नवरे गेले, दोघींचे दात गेले, राग मात्र धडधाकट राहिला.

आणि थोरली रोज दुपारी, अंडी वाटून झाली की, त्याच भिंतीच्या सावलीत उभी राहायची.

आत धाकटीचं शिलाई मशीन चालायचं. शाळेचे गणवेश, दवाखान्याचे पडदे, काहीबाही शिवायची. मशीनचा आवाज आला, की थोरली समजायची, बरी आहे. पाय मारायचा वेग कमी झाला, की गुडघा धरलाय. मधेच थांबून पुन्हा सुरू झालं, की दोरा तुटला आणि आता ती तोंडातल्या तोंडात शिव्या देत असणार. एवढं ऐकून ती सायकलवर टांग टाकून परत फिरायची. हे कुणाला ठाऊक नव्हतं. आता मात्र लाल रेघेत सगळ्या जगाला दिसत होतं, आणि दर रविवारी माणसांची रांग तिथे उभी राहून तिचं गुपित तोंड मिटून ओरडत होती. धाकटीला कळलं, तर इतक्या वर्षांचा राग फुकट. तीच जिंकली.

थोरलीनं उपाय करून पाहिले. डॉक्टरला सांगितलं, भिंत पडायला झालीय. तो म्हणाला, मग हेल्मेट आहेच. सुनेला सांगितलं, रेघ पूस. सून म्हणाली, लोकांनी उतरवून घेतलीय, आता पुसून उपयोग नाही. मग थोरली एक दिवस टोपलीत मोबाइल ठेवून मुद्दाम दुसऱ्याच रस्त्यानं गेली, ओढ्यातून, काट्यांतून, धाकटीच्या घराकडे पाठ करून. त्याची निराळी रेघ झाली आणि तिचाही बिल्ला निघाला. आता शनिवारीही माणसं येऊ लागली, ओढ्यात पडायला.

शेवटी तिनं भिंतीपाशी स्वतःचंच जाणं बंद केलं. निदान रंगेहाथ सापडायला नको.

पण मशीनचा आवाज ऐकला नाही, की थोरलीला चैन पडेना. दोन दिवस गेले तोवर तिनं मीठ दोनदा घातलं. मग गिऱ्हाइकांना फुटकी अंडी दिली. कोंबड्यांवर ओरडली, तर त्यांनी अंडी घालणं आवरतं घेतलं. सून नाडी बघायला आली, तर हात झटकला.

रविवारी डॉक्टर आला, तेव्हा थोरली फाटकाशी तयार उभी होती.

"तुझ्याकडे जादा हेल्मेट असेल ना?" तिनं विचारलं. "आणि तो काळा चष्मा दे."

त्यानं का म्हणून विचारलं नाही. रेघेत असेल असं समजून त्यानं दिलं.

अशी ती वीस-बावीस जणांच्या मधोमध, बापाच्या जुन्या सायकलवर नेहमीची अंड्यांची टोपली लावून, लुगड्यावर पिवळं हेल्मेट घालून निघाली. गिरणीतून पांढरी झाली, मास्तरांच्या वळणावर सवयीनं नागमोडी गेली. बदकानं एवढ्या गर्दीतून तिला बरोबर ओळखलं आणि पुन्हा उमेद धरून डाव्या पोटरीला चावलं. चढावर बाकीचे सायकली ढकलायला लागले, तरी ती आपल्या बेतानं पाय मारत राहिली.

भिंतीपाशी सगळे उतरले. भिंतीकडे तोंड करून, डोळे मिटून उभे राहिले. थोरलीही राहिली. वरून कुणी पाहिलं असतं, तर भिंतीवर रांगेनं भोपळे ठेवलेत असं वाटलं असतं.

आत मशीन चालत नव्हतं.

तिनं कान लावला. हेल्मेट मधे येत होतं, म्हणून ते वर सरकवलं. पुन्हा ऐकलं. काही नाही. धाकटी रविवारीही शिवायची, तिचा सणवार मशीनवरच जायचा. दोरा भरत असेल. जेवत असेल. झोपली असेल. पण दुपारी झोपणाऱ्याला ती जन्मभर नावं ठेवत आलेली.

थांबा संपला. डॉक्टरनं हळूच सगळ्यांना खूण केली, सायकली निघाल्या. थोरली निघाली नाही. खडीचा चुरचुर आवाज वळणापलीकडे गेला आणि मग डॉक्टर म्हणायचा ती शांतता खरोखरच पसरली. थोरलीला ती मुळीच सुंदर वाटली नाही.

भिंतीला वळसा घालून ती समोर गेली. पायरी चढली. चार माणसांदेखत बोललेलं सगळं त्या एका पायरीखाली गेलं. दाराला बापाची घंटी होती, घासून लख्ख केलेली. थोरलीनं अंगठा ठेवला. ही घंटी तिनं लहानपणीसुद्धा फारशी वाजवली नव्हती. तिनं ती वाजवली, आणि वाजवतच राहिली.

दार उघडलं. धाकटी उभी होती, धडधाकट, गळ्यात टेप, ओठांत टाचणी. तिनं बहिणीला वरपासून खालपर्यंत पाहिलं, हेल्मेट, काळा चष्मा, पीठ, पोटरीवरचं रक्त. टाचणी काढून पदराला लावली.

"आठवडा झाला मशीन बंद ठेवून," ती म्हणाली. "गिऱ्हाइकं दारात बोंबलताहेत. यायला एवढा वेळ लागतो होय गं, ताई?"

मग कळलं ते असं, की दातांच्या डॉक्टरनं आपला मोबाइल धाकटीलाही तितक्याच अदबीनं दाखवला होता. लोक माझ्या भिंतीला का चिकटतात, म्हणून तिनं विचारलं होतं. रेघेचं नावच होतं, अंडीवाल्या आजींची फेरी. रोज दुपारी भिंतीपलीकडून आपलं मशीन कोण ऐकतं, हे तिनं तिथेच ओळखलं.

"मी काही तुझ्यासाठी येत नव्हते," थोरली म्हणाली. "सावली असते तिथे."

"असते ना. आत जास्त असते. ये."

घंटी धाकटीनं परत दिली नाही, आणि थोरलीनं मागितलीही नाही. दोघी मशीनजवळ बसून राहिल्या. एकीनं रडून घेतलं, मग दुसरीनं. धाकटीनं पोटरीला पट्टी बांधली आणि पट्टी बांधता बांधता बापाच्या साबणाचं नाव दोघींना आठवेना, म्हणून दोघी भांडल्या.

हे सगळं होईपर्यंत सायकल दारात होती, पण अंड्यांची टोपली थोरलीनं सवयीनं काखेत आत आणली होती. तळाशी मोबाइल होता.

पुढच्या रविवारी धाकटीच्या दाराची घंटी वाजली. मग पुन्हा वाजली. मग एकेकानं वाजवली. रंगीत कपड्यांतली माणसं हेल्मेट घालून आत आली, मशीनजवळ दाटीवाटीनं खाली बसली आणि डोळे मिटून घेतले. रेघेत रडणं उमटत नाही म्हणून बरं, नाहीतर त्यांनी तेही केलं असतं. धाकटी उंबऱ्यात उभी राहून त्यांच्याकडे बघत राहिली. मग स्वयंपाकघरात वाकून ओरडली, "ताई, तुझी माणसं आलीत. आणि त्या दोघांनी पाय पुसले नाहीत."

आतून थोरली म्हणाली, "पाय तर मीही पुसले नव्हते."