बॉनेटवरचं कुंकू आणि मी

मी एक वडी बोलतेय. साबणाची नव्हे. गाडीचा रंग घासून साफ करतात ती मातीची वडी, पांढरट, मुठीत मावेल एवढी. नावालाच माती, माझ्यात कधी काही उगवलं नाही. आणि स्वभावाने मी जळकी आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे तुम्हाला नवल वाटायचं नाही.

कुठल्याशा कारखान्यात जन्मले आणि नागपूरच्या एका दुकानात कपाटात पडून राहिले. तिथून बादलने मला यवतमाळला आणलं. बादल आर्णीकडच्या तांड्यावरचा. त्याचे पणजोबा बैलांच्या पाठीवर मीठ वाहायचे, वडील सेवादास कापूस पिकवायचे, आणि याने आर्णी रोडला गाड्या धुवायचं दुकान टाकलं. त्या वर्षांत कापसाचं काही खरं राहिलं नव्हतं. गावात नवी गाडी घेणारे कमी, जुनी चमकवून विकणारेच जास्त. माझं मात्र बरं चाललं होतं.

धुतलेली गाडी साफ असते असं तुम्हाला वाटतं. हाताला प्लास्टिकची पिशवी घालून रंगावरून बोटं फिरवून बघा, सगळीकडे खरखर लागेल. जिनिंगची धूळ, सिमेंटचे शिंतोडे, ब्रेकचा लोखंडी चुरा, झाडाचा चीक. हे पाण्याने जात नाही. बादलची आई हंसाबाई बाटलीने साबणाचं पाणी मारायची, त्या ओल्या रंगावरून बादल मला हलकेच फिरवायचा आणि मी तो सगळा मळ ओढून घ्यायचे. तोंड काळं झालं की तो मला मळायचा, घडी घालायचा. मळ पोटात, नवं तोंड वर.

आणि मग यायचा पॉलिशचा डबा. दोन हात फिरवले की गाडी लखलखायची. गिऱ्हाईक खुश होऊन म्हणायचं, पॉलिश भारी आहे तुमचं. मी बादलीच्या काठावर बसून ऐकायचे. मेहनत माझी, कौतुक त्याचं. जळफळाट व्हायचा नुसता.

पण डब्याचा हेवा काहीच नाही, असा हेवा मला पुढे करावा लागला, तोही एका डागाचा.

फाल्गुन होता. साकेत नावाचा तरुण एक पांढरी जुनी गाडी घेऊन आला. तो पुण्याला नोकरीला, सुट्टीवर आलेला. वडील मधुसूदनराव पाटबंधाऱ्याच्या कचेरीत नकाशे काढून निवृत्त झालेले. दिवाळीनंतर आई, सुनीतीबाई, गेली. वडिलांना आता गाडी झेपत नव्हती. आर्णीचं गिऱ्हाईक रविवारी येणार होतं, तोवर गाडी नव्यासारखी करून हवी होती.

दारं झाली, टप झाला. बॉनेटसाठी बादलने मला मळून स्वच्छ नवं तोंड काढलं. मी खुशीत होते. पांढऱ्या गाडीचं बॉनेट म्हणजे आमच्या कामातला मानाचा भाग.

मधोमध एक स्वस्तिक होतं. दसऱ्याच्या वाहनपूजेचं. कुंकू पाण्यात कालवलं तर वाऱ्याने उडून जातं, म्हणून सुनीतीबाई दरवर्षी ते तेलात कालवायच्या. तेलामुळे ते रंगावर चिकटून बसलेलं, पाच महिन्यांनी फिकट गुलाबी झालेलं. उजवीकडचा एक पाय बाकीच्यांपेक्षा आखूड. बोटाने काढलेलं स्पष्ट दिसत होतं.

हंसाबाईने बाटली खाली ठेवली.

"बाईचं बोट हाये हे," ती म्हणाली. "घरी इचारल्याबिगर पुसू नको रे."

बादलने साकेतकडे पाहिलं. साकेत म्हणाला, विकायच्या गाडीवर डाग कसा ठेवायचा? आणि विचारायचं कोणाला, बाबांनीच तर विकायला सांगितलंय.

"याडी, पानी मार ना," बादल आईला म्हणाला. ती हलली नाही. शेवटी त्यानेच बाटली उचलली.

आता माझं खरं सांगते. मला राग आला होता. गाडीभरचा मळ मी पोटात घेतला, माझ्यासाठी कोणी कधी बाटली खाली ठेवली नव्हती. आणि या वाकड्या डागासाठी एक बाई स्वतःच्या मुलाचं ऐकत नाही? असं काय आहे त्यात? बादलचा हात कचरत होता, पण मी कचरले नाही. चार वेळा इकडून तिकडे झाले आणि बॉनेट कोरं झालं. सगळं कुंकू माझ्या तोंडावर आलं. जिंकल्यासारखं वाटलं मला.

बादल घडी घालणार, तेवढ्यात फाटकाशी ऑटो थांबला.

मधुसूदनराव उतरले. हातात नकाशा उतरवायचा झिरझिरीत कागद, खिशाला अणकुचीदार पेन्सिल. बॉनेटपाशी आले आणि कागद तिथे पसरणार तोच थांबले. हाताने बॉनेट चाचपलं. माझ्या कामाने ते गुळगुळीत झालं होतं, कुठेही खरखर नव्हती.

"गाडी विकून टाक, माझं काही म्हणणं नाही," ते साकेतला म्हणाले. "मी एवढंच उतरवून घ्यायला आलो होतो."

बाबा, तुम्ही सांगितलं असतं तर, साकेत पुटपुटला. सांगायला लाज वाटली, असं म्हातारे म्हणाले. दरवर्षी ते तिला चिडवायचे, एवढा नकाशे काढणारा नवरा आणि बायकोला चार पाय सारखे काढता येत नाहीत.

हंसाबाई उठली. बादलच्या हातातून तिने मला काढून घेतलं आणि मधुसूदनरावांसमोर धरलं. "काकाजी, गेलं नाही कुठं. हिच्यावर हाये."

त्यांनी मला उन्हाकडे वळवून पाहिलं. रेघा नव्हत्या, पाय नव्हते, नुसता गुलाबी पट्टा.

"आकार माझ्या ध्यानात आहे," ते हळू म्हणाले. "रंग काही पेन्सिलीने उतरला नसता."

मग त्यांनी बादलला विचारलं, हे मला देशील? यवतमाळात माझ्यासारखी दुसरी वडी नव्हती, आणायची तर नागपूरला जावं लागणार होतं. बादलने मान हलवली. "घेऊन जा, काकाजी. फकत मळू नका तिले. घडी पडली का रंग आत जाते."

रविवारी गाडी आर्णीला गेली. कुंकू पुसलं नसतं तर तेही गेलं असतं. म्हणजे ते राहिलं माझ्यामुळे. पण याचं श्रेय मला अजून कोणी दिलेलं नाही.

आता मी त्यांच्या घरी देवघरातल्या स्टीलच्या डबीत असते. खाली तोच झिरझिरीत कागद. त्यावर त्यांनी आठवणीने स्वस्तिक काढलंय, पट्टी न लावता, उजवा पाय आखूड ठेवून. रोज आंघोळ झाली की ते डबी उघडतात. बराच वेळ बघतात. माझ्याकडे नाही, माझ्यावरच्या तिच्याकडे.

उन्हाळ्यात मी मऊ पडते, तेव्हा वाईट विचार येतात. एक घडी पडली तर ती माझ्या पोटात जाईल आणि वर मी एकटीच उरेन. पण मला हात नाहीत, आणि असते तरी आता धीर झाला नसता. रोज ते इतक्या जपून झाकण उघडतात की मलाही त्याची सवय झालीय.

तेव्हा मधुसूदनराव, तुम्ही तिला बघा, माझी तक्रार नाही. म्हणजे आहे, पण राहू द्या. फक्त झाकण लावायच्या आधी एकदा माझ्याही पाठीवरून बोट फिरवा. मी तिला सांडू दिलेलं नाही.