बाईंनी बदनाम केलेली खुर्ची

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी खुर्ची आहे आणि माझा कोणावरही चटकन विश्वास बसत नाही. कोणी मला प्रेमाने पुसू लागले, की मला वाटते, आता विकायला काढणार. कोणी उलटी केली, की भंगारवाला दारात उभाच असणार.

सुताराच्या हातून निघाले ती मी थेट एका कचेरीत गेले. तिथे एक तरुण कारकून बाई माझ्यावर बसत. सकाळी बसल्या, की दिवे लागेपर्यंत हलायच्या नाहीत. एके दिवशी त्या उठायला गेल्या आणि तशाच वाकलेल्या राहिल्या. मैत्रिणींनी धरून घरी नेले. पाठीसाठी म्हणून त्या योगासने शिकल्या, बऱ्या झाल्या आणि त्यातच इतक्या रमल्या, की नोकरी सोडून शिकवूच लागल्या. पुढे कचेरीने जुने सामान काढले, तेव्हा त्या नेमकी मलाच मागायला आल्या. एवढे प्रेम कशासाठी उतू चालले आहे, असे मला तेव्हाच वाटले होते.

शंका खरी ठरली. वर्गाच्या कोपऱ्यात मला उभी करून त्या प्रत्येक नव्या माणसाला सांगत, "ही बघा. हिच्यावर बसून माझी पाठ कामातून गेली. जन्मभर धडधाकट राहायचं, तर जमिनीवर बसा." सगळे माझ्याकडे चोर पकडल्यासारखे बघत. मी काय बाईंना धरून ठेवले होते? पण आमचे ऐकतो कोण!

एकदा एक निवृत्त बसचालक शिकायला आले. त्यांचे गुडघे काही केल्या वाकेनात. "बाई, मी त्या खुर्चीवर बसून केलं तर चालेल का?" त्यांनी विचारले.

"खुर्चीवरच बसायचं, तर मग घरीच बसा की काका," बाई म्हणाल्या. वर्ग हसला. काका चटई गुंडाळून गेले, ते पुन्हा आले नाहीत.

वर्षे गेली, बाईंचे केस पिकले. एका दुपारी त्यांनी रिकाम्या वर्गाला आतून कडी लावली, पडदे ओढले आणि माझ्या पाठीवर हात ठेवला. आता विकायला काढणार, असे मला वाटले. पण त्या मला धरून हळूहळू खाली वाकू लागल्या. त्यांचा गुडघा करकरला. माझा मागचा पाय सैल झाला होता, तोही करकरला. दोघीही थबकलो. मग त्यांनी मला उलटी केली. संपले, म्हटले.

पण आला तो सुतार. "वजन कोणाचं पडणार हिच्यावर?" त्याने विचारले.

बाईंनी आधी दाराकडे पाहिले. "माझंच. पण कुठे बोलू नका."

माझा पाय पक्का झाला आणि संशयही. दुपारी माझाच आधार घ्यायचा आणि सकाळी मलाच नावे ठेवायची, हा कुठला न्याय? एका सकाळी तर जमिनीवरून उठताना त्यांचा तोल गेला. भिंत होती म्हणून वाचल्या. "चटई सरकली," त्या म्हणाल्या. चटई जागच्या जागी होती, मी पाहिले ना!

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला उचलून वर्गासमोर आणले. काहीतरी शिजते आहे, हे मी ओळखले. पण बाई सगळ्यांदेखत माझ्यावर बसल्या.

"माझा गुडघा कधीचा दुखतोय. लपवून ठेवला. कळलं तर माझ्याकडे शिकायला कोण येणार, याची भीती वाटली. हिला मी उगाच बदनाम केलं. पाठ गेली ती दिवसभर न हलल्यामुळे. आणि काकांना घालवून दिलं, ते तर फारच चुकलं."

कोणीही उठून गेले नाही.

बाई काकांच्या घरी जाऊन आल्या. मग एका सकाळी काका दारात उभे राहिले. "यात काही थट्टा नाही ना, बाई?"

"नाही काका. बसा."

काकांनी मला आधी दाबून पाहिले, मग हलवून पाहिले आणि मगच टेकले. मला राग आला नाही. त्यांच्या जागी मीही तेच केले असते. बाई मागे माझ्या पाठीला धरून उभ्या राहिल्या आणि शिकवू लागल्या. दोघांचा भार एकदम अंगावर आला, तरी मी करकरले नाही. मला इतके बरे आजवर कधी वाटले नव्हते.

मित्रांनो, खुर्ची करकरली तर तिला लगेच माळ्यावर टाकू नका, वाकून पाहा. घरातले कोणी उठताना हळूच भिंत धरत असेल, तर हसू नका. त्यांना खुर्ची द्या. फक्त आधी तिचे पाय तपासा. इतर खुर्च्यांवर माझा अजून विश्वास नाही.