फौजदाराचा वाटा

घरात फौजदार आला की घरच्यांनी आपलं शहाणपण गुंडाळून ठेवावं. आबांच्या घरातला फौजदार अजून दोन वर्षांचाही झाला नव्हता, त्याला स्वतःची चड्डी वर ओढता येत नव्हती आणि तो मुलगी होता. पण तपास कडक. घरातला एकही डबा, एकही फट, एकही खिसा या नातीनं बिनचौकशीचा सोडला नव्हता. बोट रोखायचं आणि विचारायचं, "हे काय?" उत्तर मिळालं की पुढच्या वस्तूकडे बोट. उत्तर पटलं नाही तर त्याच वस्तूकडे परत बोट. फौजदार हे नाव आबांनीच ठेवलं होतं आणि ते इतकं चपखल बसलं, की खरं नाव फक्त लसीच्या कार्डावर उरलं.

आबांचा धंदा खुर्च्या मढवण्याचा. पुढच्या खोलीत त्यांचं काम, मागच्या दोन खोल्यांत संसार. संसार लेकीचा होता. बायको गेल्यावर आबा लेकीकडे राहायला आले असं लोक म्हणत, पण खरं तर लेकीनंच त्यांना दाभण-हातोड्यासकट उचलून आणलं होतं. जावई बोटीवर. वर्षातले थोडे दिवस घरी, उरलेले फोनच्या काचेत. लेक अशा ठिकाणी नोकरीला होती, जिथं वस्तू बिघडली की लोक फोन करून भांडतात. दिवसभर परक्यांची भांडणं गोड आवाजात ऐकून ती घरी यायची तेव्हा तिच्याजवळ घरच्यांसाठी शब्द उरलेले नसायचे. जेवायची, पोरीला कुशीत घ्यायची आणि गप्प पडून राहायची. तिचा दोष नव्हता. आबांना ते कळत होतं, पण कळलं म्हणून घर बोलकं होत नाही.

नातीला दिवसभर आबांकडे ठेवायचं ठरलं तेव्हा लेकीनं एकच अट घातली होती. आबा कानांनी पार अधू. यंत्र लावलं तर सगळं ऐकू यायचं, काढलं तर जगाचं दार बंद.

"बाबा, यंत्र कानातून काढायचं नाही," ती म्हणाली होती. "ती पडेल, ओरडेल, तुम्हाला कळायचंसुद्धा नाही. एकदा जरी काढलेलं दिसलं, तर मी तिला पाळणाघरात घालीन. मग माझ्यावर रुसायचं नाही."

आबांनी मान डोलावली. पाळणाघर या शब्दाला ते मनातून घाबरत. बायको गेल्यानंतरचं वर्ष त्यांनी खुर्च्यांशी बोलून काढलं होतं. खुर्च्या तशा गुणी, पण त्या काही विचारत नाहीत. आणि माणसाला कुणी काही विचारेनासं झालं की तो जिवंत असून नसल्यासारखाच. या पोरीनं आबांना पुन्हा विचारायला सुरुवात केली होती. ती गेली असती तर पुढच्या खोलीत दिवसभर ते आणि खुर्च्याच उरल्या असत्या.

म्हणून त्यांनी तिला कामातच भागीदार करून घेतलं होतं. खुर्चीच्या बैठकीत खाली पट्टे, त्यावर स्प्रिंगा, मग काथ्या, मग फोम आणि सगळ्यावर रेक्झिन. मागची शेवटची शिवण घालण्याआधी काम थांबायचं, कारण फौजदाराचा वाटा बाकी असायचा. काथ्याची एक चिमूट तिनं आपल्या हातानं आत सारायची, वरून थोपटायचं, गालाखाली हात घेऊन "गाई" म्हणायचं. खुर्ची झोपली. मग आबा शिवणार. तिच्या वाट्याशिवाय त्या घरातून एकही खुर्ची बाहेर जात नव्हती.

त्या दिवशी दातांच्या एका दवाखान्यासाठी बाकाएवढ्या रुंद खुर्च्या तयार होत होत्या. हे काम लेकीच्या मैत्रिणीनं मिळवून दिलं होतं; ती त्याच दवाखान्यात येणाऱ्यांची नावं पुकारायला बसायची. खिळे ठोकायचे म्हणजे यंत्र कानात घण घातल्यासारखं वाजतं. पोर तर समोरच बसली होती. आबांनी यंत्र काढून टेबलाच्या कडेला ठेवलं. जरा वेळ, एवढंच. मग खिळे झाले, शिवण आली, फौजदारानं आपला वाटा आत घातला, थोपटलं, आबा म्हणाले "शाब्बास" आणि त्यांनी सुई ओढली. टेम्पोवाला आला, खुर्च्या गेल्या. लेक यायच्या वेळेला आबांनी टेबलाच्या कडेवर हात फिरवला, तर तिथं काही नव्हतं.

त्यांनी टेबलाखाली पाहिलं, काथ्याचा ढीग उपसला आणि शेवटी फौजदारापुढे गुडघे टेकले. कानाला हात लावून विचारलं, "आबांचं हे कुठंय?"

पोरीनं अभिमानानं गालाखाली हात घेतला आणि डोळे मिटले.

भिंतीला कान असतात असं म्हणतात. आबांचा कान आता दवाखान्याच्या एका खुर्चीत होता, आणि तो त्यांनी स्वतःच्या हातानं, दुहेरी दोऱ्यानं शिवून टाकला होता.

दवाखान्यात जाऊन सरळ सांगावं, तर मैत्रीण संध्याकाळच्या आत लेकीला सांगणार. नवं यंत्र घ्यावं, तर कान तपासायला लेकीलाच बरोबर न्यावं लागणार, डॉक्टर काय विचारतोय ते सांगायला तरी. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं म्हणून आबांनी कानटोपी चढवली. "कानाला वारा लागतोय," त्यांनी लेकीला सांगितलं. ती काहीतरी म्हणाली. आबा म्हणाले, "हं." पुढे ते प्रत्येकच गोष्टीला हं म्हणू लागले. एकदा तिनं भाजी कुठली करू विचारलं, तेव्हाही ते हं म्हणाले. ती थकून इतकी रिकामी झालेली असायची, की तिला तेही उत्तर पुरलं.

चार दिवसांनी ते नातीला कडेवर घेऊन दवाखान्यात गेलेच. दात दाखवायला आलोय असं हातानं सांगितलं आणि खुर्चीवर बसले. थोडं बसून दुसरीवर. मग तिसरीवर. बसताना हळूच सगळ्या बाजूंनी दाबून बघायचे. पण काम त्यांचंच, चोख. कुठं गुठळी लागेल तर शपथ. एक खुर्ची मात्र कुणी घेत नव्हतं. एक बाई तिच्यावर बसल्या, दचकून उठल्या आणि लांब जाऊन बसल्या. लोक त्या खुर्चीकडे बघून एकमेकांशी बोलत होते, हसत होते. आबाही त्यांच्याबरोबर हसले. ऐकू न येणारा माणूस सगळ्यांच्या मागून हसतो आणि सगळ्यांच्या नंतर थांबतो. तेवढ्यात मैत्रिणीनं काहीतरी विचारलं, ते सवयीनं हं म्हणाले, आणि डॉक्टरांनी त्यांचे चांगले दणकट दात खरवडून साफ करून दिले. यंत्र काही मिळालं नाही.

घरी मात्र आबांनी पोरीवरची नजर काढली नाही, हे सांगायलाच हवं. रेक्झिनची एक लांब पट्टी तिच्या कमरेला आणि दुसरं टोक आपल्या मनगटाला. पट्टी ताणली की वळून बघायचं. पहिले काही दिवस फौजदार ओरडून ओरडून लाल झाला. "हे काय" विचारावं आणि आबांनी उत्तर देऊ नये, हे तिच्या राज्यात कधी घडलं नव्हतं. मग तिनं तपासाची रीत बदलली. पट्टी ओढायची, आबा वळले की त्यांची हनुवटी दोन्ही हातांत धरायची, तोंड मोठ्ठं उघडायचं आणि ओठ सावकाश हलवायचे. हे. काय. आबांना ते वाचता येत होतं. ते उत्तर द्यायचे, "हा दाभण." ती मान हलवायची. पुन्हा पट्टी. आबांना वाटलं, चला, निभावलं. आपल्याला कुणी विचारतंय, ते कळतंय, आणखी काय पाहिजे? कित्येक दिवस ते सुखात होते, आणि त्या सुखाची किंमत कोण मोजतंय हे त्यांना दिसलं नाही. ज्याला ऐकूच येत नाही त्याला आवाज कधी थांबला हे कसं कळणार?

ते कळलं लेकीच्या सुट्टीच्या दिवशी. ती पोरीला मांडीवर घेऊन बसली होती. आबा दारातून बघत होते. लेकीचे ओठ म्हणत होते, "आई म्हण. म्हण ना, आई." पोरीनं आईची हनुवटी धरली, तोंड मोठ्ठं उघडलं आणि छान, स्पष्ट "आई" केलं. आबांना हसू आलं. पण लेकीचा चेहरा पांढरा पडला होता. तिनं पुन्हा म्हणायला सांगितलं, पोरीनं पुन्हा तसंच केलं. लेकीनं तिला छातीशी घट्ट धरलं, तिचे खांदे हलायला लागले, आणि मग आबांचं हसू विरलं. त्यांना सगळं समजलं. पोरीनं आवाज टाकून दिला होता. ज्याच्याबरोबर दिवस काढायचा त्याला आवाज लागत नाही, मग कशाला वाया घालवायचा? तिचा हिशेब बरोबर होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी लेकीनं रजा काढली आणि पोरीला बाहेर जायचे कपडे चढवले. आबांनी तिच्या ओठांवर "डॉक्टर" वाचलं. पुढचं वाचता आलं नाही, कारण ती पायमोज्यासाठी खाली वाकली होती. आबांना गप्प राहता आलं असतं. डॉक्टरांनी तपासलं असतं, काही सापडलं नसतं, पोर परत पट्टीला बांधली गेली असती. हे सगळं त्यांच्या मनात आलं, खोटं कशाला बोला. आणि लेकीच्या वाकलेल्या पाठीकडे बघून ते गेलंही.

"तोंड इकडे करून बोल," आबा म्हणाले. "मला दिसत नाहीये."

लेकीनं वर पाहिलं. आबांनी कानटोपी काढली.

"तिला काही झालेलं नाही," ते म्हणाले. "मला ऐकू येत नाही, म्हणून ती बोलायची थांबलीय. यंत्र दवाखान्याच्या खुर्चीत आहे. मीच काढून ठेवलं होतं."

लेकीनं त्यांचा उघडा कान पाहिला. मग ती बोलायला लागली. आबांनी सगळं वाचलं नाही, पण चुकवलंही नाही. "ती पडली असती तर?" हे त्यांना दिसलं. "मला सांगायचं नाही का?" हे दोनदा दिसलं. शेवटी ती थकून खाली बसली आणि तिच्या ओठांवर एक गमतीदार शब्द आला. शिट्टी. लेकीनं हातवारे करून समजावलं, मैत्रीण सांगत होती, दवाखान्यातली एक खुर्ची कितीतरी दिवस बारीक शिट्टी वाजवत होती. दबलेलं यंत्र शिट्टी मारतं. त्या खोलीत ती न ऐकणारे एकटे आबा होते. लेक हसेल असं वाटलं त्यांना. तिनं डोळे पुसले आणि पोरीला उचललं.

डॉक्टरांनी सांगितलं, पोर ठणठणीत आहे. तिला मुलांत घाला, तिच्याशी मोठ्यानं बोला आणि आवाज काढल्याशिवाय तिला उत्तर देऊ नका. लेकीनं ही अट घरी येऊन आबांना कागदावर मोठ्या अक्षरात लिहून दाखवली. पाळणाघराचं तिला सांगावं लागलं नाही; दुसऱ्या दिवसापासून पोर तिकडे जाऊ लागली.

आबांनी दवाखान्यात जाऊन ती खुर्ची उसवली. यंत्राला काथ्याचे केस चिकटले होते, सेल संपला होता, बाकी धडधाकट. घरी येऊन त्यांनी नवा सेल घातला आणि यंत्र कानाला लावलं. मग त्यांना नळ ऐकू आला. जिन्यावरची पावलं ऐकू आली, ती शेजाऱ्यांची होती. सुई रेक्झिनमधून जाताना किती कुरकुरते ते ऐकू आलं. बंद कानातला शुकशुकाट परवडतो, त्याचा दोष कानावर टाकता येतो. हा शुकशुकाट उघड्या कानांचा होता. शेवटच्या शिवणीला येऊन आबा सवयीनं थांबले, मग काथ्याची चिमूट स्वतःच आत घातली आणि शिवायला घेतलं.

असे कित्येक दिवस गेले. मुलांत पडल्यावर पोरीचा आवाज परत आला, आधीपेक्षा जास्तच. आबांना रोज संध्याकाळी दार उघडायच्या आधीच तो जिन्यातून ऐकू यायचा. "हे काय? आई, हे काय?" मग ती आत यायची, आबांना बघायची आणि गप्प व्हायची. आईशी आवाज, आबांशी ओठ. तिनं घराची अशी वाटणी करून टाकली होती. लेक हे बघायची आणि म्हणायची, "बाबा, उत्तर द्यायचं नाही हं." आबा मान फिरवायचे.

त्या संध्याकाळी पोर त्यांच्या अगदी जवळ आली. तिनं त्यांची हनुवटी दोन्ही हातांत धरली आणि पहिल्यांदाच त्यांच्या कानामागे नीट पाहिलं. तिचे डोळे मोठे झाले. ज्याला तिनं स्वतः थोपटून झोपवलं होतं, ते इथं परत आलं होतं. तिनं त्याच्याकडे बोट केलं, आबांच्या डोळ्यांत बघितलं आणि ओठ सावकाश हलवले.

उठलं?

आबांना ते स्वच्छ दिसलं. त्यांना तिला सांगायचं होतं की हो, उठलं. ओठांनी सांगितलं असतं तर लेकीला कळलंही नसतं, ती पाठमोरी चपला काढत होती. पण त्यांनी तोंड उघडलं, आणि जे वाक्य लपवण्यासाठी एवढं सगळं केलं होतं, तेच आता ते मोठ्यानं म्हणाले.

"मला ऐकू आलं नाही. मोठ्यानं बोल."

पोरीनं त्यांची हनुवटी सोडली. क्षणभर तिनं त्यांना असं पाहिलं, जसं ती दारात आलेल्या टेम्पोवाल्याला पाहायची. मग ती वळली, धावत आईकडे गेली, आणि तिचा पदर ओढत खणखणीत आवाजात म्हणाली, "आई, आबांचं उठलं."

आबांना ते अगदी स्पष्ट ऐकू आलं.