बिननावाचा नाला

केशोरावांनी पेन्सिलीला टोक काढलं आणि नकाशावरच्या निळ्या रेघेवर बोट ठेवलं.

"ह्या नाल्याचं नाव सांग, उमराव."

"येले नाव नाई, सायेब."

घ्या! सकाळपासून देवरीकडच्या या रानात टेकड्या-नाल्यांची नावं लिहून घेताना जीव मेटाकुटीला आलेला, आणि हा म्हातारा वाटाड्या आता नाव नाही म्हणून मोकळा! नव्या सरकारचा नवा नकाशा. त्यात बिननावाची रेघ चालायची नाही. आणि नाला तरी केवढा? घोटाभर पाणी. निघताना प्रेमिला गळ्यात पडून म्हणाली होती, "बाबा, नकाशात मला पण दाखवा." केशोरावांनी हसत रेघेवर लेकीचं नाव लिहिलं आणि हौसेनं मोठ्यांदा वाचलं.

"प्रेमिला नाला! कसं वाटतं?"

नाल्याचा आवाज थांबला. पाणी वाहत होतं, फक्त खळखळ नव्हती.

उमराव काठापासून मागं सरकला.

"काऊन बोललात, सायेब? कोनाचं नाव घेतलं?"

"माझ्या मुलीचं. का रे?"

"सकारी लिवलं ना तुमी, सुखराम नाला, मंदाबाईचा डोह? ते कोन होते, इचारलं नाई."

"जमिनीचे मालक असतील."

"बुडाले ते. ज्याले पानी नेते, त्याचंच नाव आमी देतो. येनं अजून कोनाले नेलं नाई, म्हनून नाव नाई."

एरवी केशोरावांनी हे थोतांड म्हणून उडवून लावलं असतं. पण पाण्याचा आवाज काही येईना. खोडरबरानं त्यांनी नाव घासघासून पुसलं. कागद विरला, तरी नाला मुकाच.

"पुसून का होते?" उमराव हळूच म्हणाला. "आयकलं ना तेनं. आता दुसरं देल्याबिगर हे नाव सोडत नाई."

"मग तुझं..." केशोरावांची जीभ अडखळली. म्हाताऱ्यानं मान खाली घातली होती.

त्यांनी कपाळाचा घाम पुसला. विरलेल्या जागी जपून स्वतःचं नाव लिहिलं आणि पाण्याकडे तोंड करून वाचलं.

"केशोराव नाला."

खळखळ सुरू झाली.

सुटली बिचारी लेक! त्यांना इतकं हायसं वाटलं की डोळेच भरून आले. मग त्यांचं लक्ष समोर गेलं. त्यांचा तंबू पलीकडच्या काठावर होता.

सकाळपासून पुढं चालणारा उमराव जोडे हातात घेऊन बाजूला सरकला.

"चला, सायेब," तो म्हणाला, "तुमी पुढं व्हा."