पेराची स्लावा

दुन्या नेमकं काय काम करते, हे तिच्या घरात कुणालाच धड माहीत नव्हतं. आई शेजारणींना सांगायची, "कॉम्प्युटर दुरुस्त करते." वडील सांगायचे, "नगरपालिकेतच आहे, फक्त दुसऱ्यांच्या ऑफिसात बसते." दोघांचंही थोडं थोडं बरोबर होतं.

चार वर्षं दुन्यानं गावच्या नगरपालिकेत सात नंबरच्या खिडकीमागे बसून लोकांना एकच वाक्य ऐकवलं होतं: "एक कागद कमी आहे." संध्याकाळी क्लासला जाऊन ती कॉम्प्युटर शिकली आणि तिच्या लक्षात आलं, की कागद का कमी पडतो हे ज्यांना कळतं ती माणसं, आणि तो कागद जे कायमचा नाहीसा करू शकतात ती माणसं, यांची आयुष्यात कधी गाठच पडत नाही. दोघांच्या मधे एक खुर्ची रिकामी होती. त्या खुर्चीला सल्लागार म्हणतात.

बेलग्रेडच्या एका कंपनीनं तिला या खुर्चीवर सहा महिने बसवून पाहायचं ठरवलं. शेवटची परीक्षा होती आरिल्ये गावातलं रास्पबेरीचं शीतगृह. तिथला माल, पाळ्या, हजेरी, सगळं नव्या सिस्टिमवर आणायचं होतं.

"एकोणीस डिसेंबरपर्यंत नव्वद टक्के कामगार सिस्टिममध्ये एकदा तरी शिरलेले दिसले पाहिजेत," कंपनीचे वुकाशिन साहेब म्हणाले होते. "दिसले तर तू कायम. नाहीतर तुझी खिडकी आहेच."

खिडकी खरोखरच होती. पालिकेनं तिची खुर्ची एकतीस डिसेंबरपर्यंत राखून ठेवली होती. उशीसकट.

दुन्यानं तीन प्रशिक्षणं ठेवली. छापील आमंत्रणं वाटली. पहिल्याला चार जण आले. त्यातले दोघं कॉफीसाठी, एकाला वाटलं रक्तदाब तपासतात, आणि चौथा रस्ता चुकला होता. दुसऱ्याला फक्त तो चौथा आला. तिसऱ्याला कॉफीवालासुद्धा आला नाही.

सतरा तारखेला सकाळी ती रादोयकामावशीच्या टेबलापुढे उभी राहिली. रादोयकामावशी म्हणजे शीतगृहाचा सगळा कारभार. साहेब बदलत, मावशी आणि तिचा शिक्का तिथेच असत.

"मावशी, कामगारांच्या नोंदी सिस्टिमला वाचू द्या ना. वाचायलाच तिला दोन दिवस लागतात."

"बाहेरच्या माणसाला दाखवता येत नाहीत. नियम आहे."

"अहो, ती माणूस नाही."

"मग तर मुळीच नाही."

दुन्यातली खिडकीवाली जागी झाली. "आणि कर्मचाऱ्याला?"

"कर्मचाऱ्याला येतात दाखवता."

मग मावशीनं खण उघडला, नेमणुकीचा फॉर्म काढला आणि चष्मा लावला.

"नाव?"

सिस्टिमच्या नावाची आद्याक्षरं पी, ई आणि आर होती. "पेरा," दुन्या म्हणाली.

"चांगलं घरगुती नाव आहे. वडिलांचं नाव?"

दुन्यानं विचार केला. सिस्टिम विकत कुणी घेतली, इथे कुणी पाठवली? "वुकाशिन."

"स्लावा कोणती?"

स्लावा म्हणजे घराण्याच्या संताचा दिवस. त्या दिवशी कामगाराला पगारी रजा, म्हणून मावशीच्या फॉर्मात हा रकाना शिक्षणाच्याही वर होता. स्लावा बापाकडून मुलाकडे येते. दुन्यानं साहेबांना फोन लावला.

"साहेब, तुमची स्लावा कोणती?"

"संत निकोला. का गं?"

"एक फॉर्म भरतेय."

"बरं," म्हणून साहेबांनी फोन ठेवला. फॉर्म कशाचा, हे कुठलाच सल्लागार विचारत नाही.

मावशीनं लिहिलं, दणकन शिक्का मारला आणि मग पेन खाली ठेवलं. "संत निकोला म्हणजे एकोणीस डिसेंबर. पेरा परवा रजेवर."

"रजेवर? अहो, परवाच तर सुरू करायचंय!"

"कुणाबरोबर सुरू करणार? आपल्या एकशे चौसष्टांपैकी एकाहत्तर जणांची स्लावा तीच. उरलेले त्यांच्याकडे जेवायला. पोरी, ही तारीख तुला दिली कुणी?"

तारीख वेळापत्रकाच्या प्रोग्रॅमनं दिली होती. त्यानं रविवार वगळले, सरकारी सुट्ट्या वगळल्या. संतांबद्दल त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. आणि दुन्यानं, जिनं जन्मापासून दर एकोणीस डिसेंबरला कुणाच्या ना कुणाच्या घरी भाजलेला घेवडा खाल्ला होता, ते वेळापत्रक मान खाली घालून मान्य केलं होतं.

ती मटकन खुर्चीत बसली. "गेली माझी नोकरी. एवढी आमंत्रणं वाटली, मावशी, एवढी आमंत्रणं..."

"तिथेच चुकलीस. आमंत्रण आलं की माणसाला वाटतं, काहीतरी गळ्यात मारणार. स्लावेला कधी कुणाला बोलावतात का? लोक आपले आपण येतात." मावशीनं फॉर्मकडे पाहिलं, मग दुन्याकडे. "पेराची स्लावा आहे ना?"

"आहे."

"मग पेराच्या घरी लोक येणार."

"पेराचं घर कुठं, मावशी?"

"कॅन्टीन," मावशी म्हणाली आणि तो पत्ताही फॉर्मात लिहून टाकला.

एकोणीसला कॅन्टीनमध्ये मोठी मेणबत्ती पेटली. घरच्या कर्त्यानं फिरवून मोडायची नक्षीची गोल पोळी, साखर-अक्रोड घातलेला गहू, उपवासाचा घेवडा आणि या उपवासाला चालणारे मासे. दारात कॉम्प्युटरचा एक पडदा. यजमानाला भेटल्याशिवाय आत जायचं नाही, आणि भेटायचं म्हणजे पडद्यावर आपलं नाव टाकायचं. "प्रवेश यशस्वी" हा संदेश पुसून दुन्यानं तिथे "या, बसा" लिहिलं होतं.

पहिला आला फोर्कलिफ्ट चालवणारा तिहोमिर. त्यानं नाव टाकलं. पडदा म्हणाला, "या, तिहोमिर. बसा." तिहोमिरनं टोपी काढली. "स्लावा सुखाची जावो, पेरा," असं म्हणून त्यानं पडद्यापुढे राकियाचा, म्हणजे फळांच्या दारूचा, छोटा पेला ठेवला.

मग रांग लागली. ज्यांची स्वतःची स्लावा होती तेही घरचे पाहुणे घेऊन आले.

"लग्नाचा आहे का हा?" पॅकिंगमधल्या एका बाईनं विचारलं.

"अजून तरी एकटाच आहे," दुन्या म्हणाली.

"माझी भाची आहे. शांत घर पाहिजे तिला."

पोळीला आशीर्वाद द्यायला आलेल्या पाद्रीबाबांनीही नाव टाकलं. त्यांना चुकून तीन नंबरच्या शीतखोलीचे सगळे अधिकार मिळाले. ते त्यांनी अजून परत केलेले नाहीत.

दुपारी वुकाशिन साहेब तपासणीला आले, तर दारातच मावशीनं त्यांचे तीनदा गाल चुंबले. "अभिनंदन! मुलगा फार बोलत नाही, पण गुणी आहे."

"कोण मुलगा?"

मावशीनं फॉर्म दाखवला. साहेबांनी तो दोनदा वाचला. "शिक्का आहे," ते हळूच म्हणाले.

"वडील आले!" पाद्रीबाबा ओरडले. "चला, पोळी फिरवू."

साहेबांनी पोळी धरली, फिरवली, मोडली. टाळ्या पडल्या. का कोण जाणे, त्यांचे डोळे भरून आले. मग त्यांनी दुन्याला बाजूला घेतलं.

"किती जण शिरले?"

"एकशे शहाण्णव."

"कामगार तर एकशे चौसष्ट."

"साहेब, स्लावेला पाहुणे येणारच."

"पण पेरा रजेवर ना आज?" त्यांनी फॉर्म पुन्हा पाहिला.

"रजेवरच आहे," मावशी मधेच म्हणाली. "घरी आलेल्यांना या-बसा म्हणणं हे काय काम झालं?"

साहेबांनी फॉर्म मावशीला परत दिला. "अहवालात शंभर टक्केच लिही," ते म्हणाले. "जास्त लिहिलं तर लोकांना खोटं वाटेल. आणि तू कायम. आता मला मासा वाढ."

दुसऱ्या दिवशी दुन्यानं नगरपालिकेत फोन केला. सात नंबरच्या खिडकीवर तात्पुरती बसवलेली कुणी नवी मुलगी होती.

"माझी खुर्ची मी सोडतेय. राजीनामा पाठवलाय, मिळाला का?"

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. बराच वेळ आला.

"मिळाला, बाई. पण एक कागद कमी आहे."

दुन्या इतकी मोठ्यानं हसली, की शेजारच्या टेबलावरच्या मावशीनं न विचारताच शिक्का उचलला.

"आणते," दुन्या म्हणाली. चार वर्षांत हा शब्द तिनं काचेपलीकडून हजारदा ऐकला होता. तो उच्चारायला इतका सोपा असेल, असं तिला कधी वाटलं नव्हतं. "आणि हो, उशी तू ठेव."