व्यत्यास

सासूबाई जिन्यात घसरल्या, मनगटाला प्लास्टर लागलं, आणि तो धास्तावला. मनगटाच्या काळजीने नव्हे, याची त्याला लाजही वाटली. आता ठकीला आंघोळ कोण घालणार, याची ती धास्ती होती.

ठकी म्हणजे त्याची तीन महिन्यांची मुलगी. आजवर त्याने तिला दुपट्यात गुंडाळलेली असेल तरच हातात घेतलं होतं. लंगोट बदलायची वेळ आली की त्याला हमखास फोन यायचा. आंघोळीच्या वेळी तो टबात तापमापक बुडवायचा, "सदतीस," असं जाहीर करायचा आणि बाहेर सटकायचा. तापमापक तपासणं हा त्याचा पोटापाण्याचा धंदाच होता. कारखान्यातला प्रत्येक नग आधी बर्फात, मग उकळत्या पाण्यात बुडवून तो खरा की खोटा हे तो ठरवायचा.

"जावईबापूंना पाण्याचं सगळं कळतं, पोरीचं काही नाही," सासूबाई म्हणायच्या.

बायको आधी हसायची. हल्ली हसत नसे. "किळस येते का रे तुला तिची?" असं तिने एकदा विचारलंही होतं.

किळस नव्हती. भीती होती, आणि ती स्वतःचीच होती.

तो आठ वर्षांचा असताना घरात राहायला आलेल्या चुलत्याने दोन वर्षं त्याच्यावर अत्याचार केले. हे त्याने कुणालाच सांगितलं नव्हतं. चुलता पुढे परगावी गेला, वारलाही. पण चौदाव्या वर्षी, केस कापायला नंबर लावून बसला असताना, हाताला लागलेल्या जुन्या मासिकात त्याने एक वाक्य वाचलं आणि ते त्याच्या मानगुटीवरच बसलं. तेव्हापासून तो स्वतःवर पाळत ठेवून होता. भाच्यांना त्याने कधी मांडीवर घेतलं नाही. मनात पुन्हा पुन्हा डोकावून तो तपासायचा, काही वावगं आहे का? दर वेळी नोंद शून्य. वीस वर्षं शून्य. कारखान्यात एवढ्या नोंदींवर त्याने डोळे झाकून शिक्का मारला असता. इथे मात्र त्याचा यंत्रावरच विश्वास नव्हता.

आज बायको तापाने फणफणली होती. दूध साठून गाठ झाली होती, डॉक्टरांनी उठायचं नाही म्हणून बजावलं होतं. आणि ठकीने मानेपर्यंत घाण करून घर डोक्यावर घेतलं होतं.

"शेजारच्या काकूंना बोलावतो," तो म्हणाला.

"काकू लेकीकडे गेल्यात," सासूबाई म्हणाल्या. "अहो, एका हाताने मी पोर धरू की पाणी ओतू? परीक्षा नाहीये ही, घाला आंघोळ!"

त्याने टब भरला. सदतीस. पुन्हा बघितलं. सदतीस. तिसऱ्यांदाही सदतीसच. तो तसाच उठला, बायको झोपली होती त्या खोलीत गेला आणि त्याने दार लोटून घेतलं.

"मला नाही जमणार."

"पडेल म्हणून घाबरतोस?" बायकोने विचारलं.

"पडायचं नाही गं."

मग कपाटाकडे तोंड करून त्याने सगळं सांगितलं. चुलता, मासिक, वाक्य, पाळत. सांगून झाल्यावर वळला तेव्हा ती दाराकडे बघत होती. दारापलीकडे ठकी रडत होती. संपलं, त्याला वाटलं. आता ही पोरीला घेऊन माहेरी जाणार.

"ते वाक्य पुन्हा सांग," ती म्हणाली. "जसंच्या तसं."

"असे गुन्हे करणाऱ्यांपैकी अनेकांवर लहानपणी अत्याचार झालेला असतो."

"हे गुन्हा करणाऱ्यांबद्दल झालं. ज्यांच्यावर अत्याचार झाला, त्यांच्याबद्दल काय लिहिलं होतं?"

"तेच ना."

"तेच नाही. हा व्यत्यास झाला, विधान उलटं फिरवलंस तू." ती शाळेत गणित शिकवायची. "नववीतली पोरं ही चूक करतात आणि मी तिथेच मार्क कापते. तुमच्याकडे फुटलेले तापमापक सगळे काचेचे असतात. म्हणून काचेचे सगळे फुटतात?"

"नाही."

"मग?"

त्याला एकदम राग आला, त्या मासिकाचा, स्वतःचा. इतकी साधी चूक दुसऱ्या कुणाच्या कागदावर त्याने लांबूनच पकडली असती.

"पटतंय," तो म्हणाला. "पण भीती जात नाहीये."

"ती काय आजच्या आज जाणार नाही. पोरगी मात्र आत्ता धुवायलाच हवी." ती भिंतीला धरून उठली.

"तुला उठायचं नाहीये."

"मी स्टुलावर बसते. तू घाल."

तिला असं लटपटत आलेलं बघून सासूबाईंचे डोळे मोठे झाले, पण तिने "आई, टॉवेल आण," म्हणून त्यांना पिटाळलं.

त्याने ठकीच्या मानेखाली तळहात सरकवला. पाणी लागताच ठकी गप्प झाली आणि टकामका बघायला लागली. सवयीने तो मनात डोकावायला गेला, तेवढ्यात तिने लाथ मारली आणि फेस उडाला.

"अरे, डोळ्यांत जाईल तिच्या! लक्ष कुठंय?"

त्याने घाईने तिचं कपाळ पुसलं. साबण, मान, निसटणारा दंड. तीन गोष्टी आणि दोनच हात.

"त्या चुलत्याचं तुझ्या आईंना माहीत आहे?" बायकोने हळूच विचारलं.

"नाही."

"सांगायचंय?"

"आज नको."

"बरं. उद्याही आंघोळ तूच घालायची."

"तू इथे बसशील?"

"बसेन."

"किती दिवस?"

"तू ऊठ म्हणेपर्यंत."